अयुक्लिडीय भूमितीचे संगणकीय खेळ : एक चिकित्सा

युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक बाजूला ठेवूनही भूमितीची रचना करता येते, हे लोबाचेव्हस्की याने १८२९ मध्ये व बोल्याय याने १८३२ मध्ये मांडले. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र हा विषय बहुधा गणिताच्या इतिहासातील एक नोंद म्हणूनच येतो. संगणकीय प्रतिरूपणे व खेळ यांनी त्यास अनुभवाच्या कक्षेत आणले आहे. परंतु 'अयुक्लिडीय' हे विशेषण मिरविणारा प्रत्येक खेळ त्या भूमितीचा असतोच असे नाही. खेळातील वक्रता केवळ दिसते, की ती खेळाचा निकालही ठरविते, हा येथे खरा निकष मानावयास हवा.

गोलीय भूमितीसाठी संगणकाची निकड मुळातच कमी आहे. रायगड, राजगड व प्रतापगड हे किल्ले जोडले असता होणाऱ्या त्रिकोणात वरंध गाव व घाट सामावतात. या त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौ.कि.मी. भरते. पृथ्वीच्या पृष्ठावर दर सुमारे १९७ चौ.कि.मी.मागे कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा एका विकलेने, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाने, वाढते. म्हणजे येथे वाढ साधारण दोन विकलांची. ही वाढ नगण्य खरी, पण १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभणाऱ्या विल्यम लॅम्टन यास मोठ्या त्रिकोणांच्या गणितात ती धरावी लागली. (१८२३ मध्ये त्याचे निधन विदर्भातील हिंगणघाट येथे झाले.) वर्गात तर एक चेंडू व दोरा पुरतो, त्यावर तीन काटकोनांचा त्रिकोण कोणासही काढता येतो.

अपास्तीय भूमितीची गोष्ट निराळी. स्थिर ऋण वक्रतेचे संपूर्ण, नितळ पृष्ठ त्रिमित अवकाशात असूच शकत नाही, हे हिल्बर्टने १९०१ मध्ये सिद्ध केले. डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाने विणलेले प्रतिमान सुंदर आहे, पण तो त्या प्रतलाचा तुकडाच. जेथे वस्तुरूप प्रतिमान संपते, तेथे प्रतिरूपणाला पर्याय उरत नाही.

या दृष्टीने २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला 'हायपररोग' हा पोलिश खेळ विशेष महत्त्वाचा ठरतो. षट्कोन व सप्तकोन यांनी आच्छादलेल्या प्रतलावर खेळाडू एकेक घर सरकतो. अंतर वाढेल तशी घरांची संख्या घातांकी गतीने वाढते. त्यामुळे सवयीच्या अंदाजाने परत फिरणारा खेळाडू मूळ जागी क्वचितच पोहोचतो. 'कॅमेलॉट' या प्रदेशात एका विशाल वर्तुळाचे केंद्र शोधावयाचे असते. जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो, हे प्रमेय दोन्ही भूमितींत सत्य आहे; पण येथे दिशेतील अल्प चूकही दर पावलागणिक झपाट्याने फोफावते. प्रमेय तेच, परिणाम वेगळा. व्याख्यानातून हा भेद पटविणे कठीण.

याउलट जेफ्री वीक्स यांच्या 'टोरस गेम्स'ची गणना या वर्गात सर्रास होते, ती चुकीची आहे. त्यांतील वृत्तज सपाट आहे व त्यावरील साध्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच राहते. ते संस्थितीचे उत्कृष्ट खेळ आहेत, आणि वीक्स स्वतः हा भेद जाणतात. घोटाळा वापरणाऱ्यांचा आहे. २०१३ च्या 'अँटीचेंबर'मध्ये खोल्या अशक्य रीतीने जोडलेल्या आहेत, परंतु प्रत्येक खोलीच्या आत युक्लिडचेच राज्य चालते.

'हायपररोग'लाही मर्यादा आहेत. त्याचा पडदा प्वांकारेच्या चकतीचा असतो, आणि कडेची घरे बारीक दिसत असल्याने ती खरोखरच लहान आहेत असा समज होतो. खेळाडू त्यांच्याकडे सरकताच ती मोठी होतात व भ्रम फिटतो. पाठ्यपुस्तकातील स्थिर आकृतीस हे साधत नाही. मात्र कोन मोजण्याची गरज हा खेळ कधीच निर्माण करीत नाही, आणि सिद्धतेकडे जाणारी वाट नेमकी तेथून निघते. ही उणीव 'जिओजेब्रा' या विनामूल्य साधनाने भरून काढता येते. प्वांकारेच्या चकतीत अंतरे विकृत होतात, कोन मात्र जसेच्या तसे राहतात. त्यामुळे परिघास काटकोनात छेदणाऱ्या कंसांनी त्रिकोण रचला, तर स्पर्शिकांमधील कोन पडद्यावरच मोजता येतात. शिरोबिंदू परिघाकडे ओढत नेले की बेरीज १८० वरून घसरत शून्याकडे जाताना विद्यार्थ्यास दिसते. ती का घसरते, हा प्रश्न मग त्यानेच विचारावयाचा असतो.