नवरीच्या गळ्यातली विधवा राणी

जुन्या दागिन्यांचे शौकीन युरोपातल्या दोन जिनसांवर जीव टाकतात. एक, फ्लॉरेन्सचे ब्रोच, काळ्या दगडात रंगीत दगडांची फुले जडवलेले. दुसरी, शोकाचे दागिने. १८६१ साली प्रिन्स अल्बर्ट वारला, राणी व्हिक्टोरियाने काळे वस्त्र शेवटपर्यंत सोडले नाही, आणि व्हिटबी गावचे काळे जेट व मृताचे केस ठेवलेली लॉकेटे घरोघर गेली. हेच शौकीन मत्रहच्या बाजारात चांदी शोधू लागले की विचारतात, किती जुने? त्यांच्या सचित्र पुस्तकांत प्रत्येक चित्राखाली वयाचा रकाना असतो. आमच्या मते ही फूटपट्टी तिथे चालत नाही.

ओमानात बाईची चांदी म्हणजे लग्नात मिळालेली तिची स्वतःची पुंजी. ती वारली की दागिने बहुधा सोनाराकडे जात आणि आटवले जात. नवरीला नवे घडवायचे, मेलेल्या बाईचे घालायचे नाही, अशी रीत. इंग्लंडात मृताचा एक केसही काचेखाली जपला, इथे अख्खी गळसरी मुशीत गेली. मग शंभर वर्षांपलीकडचे मिळणार कुठून?

त्यात नाणे घोटाळा करते. माळांत ओवलेल्या मारिया थेरेसा थालरवर १७८० साल असते, आणि गिऱ्हाईक खूश होते. पण हे साल राणीच्या मृत्यूचे. पुढे कुठल्याही टांकसाळीने थालर पाडला तरी साल तेच. १९४०-४१ मध्ये तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पडला! वजन सुमारे २८ ग्रॅम, हजारात ८३३ भाग चांदी, म्हणून सोनाराला तो कच्चा माल.

आता त्यावरचा चेहरा पाहा. १७६५ साली नवरा गेल्यावर राणीने मरेपर्यंत विधवेचा वेष ठेवला. नाण्यावर तीच आहे, डोक्यावरून पदर, खांद्याला ब्रोच. त्या ब्रोचचे मोती पाहून अरब व्यापारी खरे-खोटे ठरवीत. म्हणजे शोकाचा दागिना मत्रहला होता, पण नवरीच्या गळ्यात, आणि तिच्या आईने त्यात पाहिले ते वजन. आपल्या पुतळ्यांच्या माळेतल्या व्हेनिसच्या नाण्यांवर कोण उभा आहे, हे तरी आपल्या आज्यांनी कधी विचारले?

याहून मोठी तक्रार पाटीची. 'बदाउनी चांदी' असे लिहून मोकळे होतात. घालणारी बदाउनी असेल, घडवणारा गावचा कारागीर. वेल्स्टेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८३८ च्या पुस्तकात मस्कतच्या यहुदींची नोंद केली आहे. बहुतेक १८२८ साली बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाने आलेले, आणि त्यांच्या धंद्यांत चांदीचे दागिने घडवणे एक. त्याच पाशामुळे बगदाद सोडलेले डेव्हिड ससून पुढे मुंबईला आले, हे वाचकांना सांगायला नको. ससूनांची नावे इमारतींवर आहेत. मत्रहपासून हाकेच्या अंतरावरच्या या सोनारांचे काम आटले, नावेही गेली. येमेनच्या यहुदी सोनारांचे नशीब त्यातल्या त्यात बरे. १९४९-५० मध्ये ते इस्रायलला आले आणि हातची कला सोबत आली.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत वयाचा रकाना काढून तिथे वजन आणि कारागिराचा गाव छापावा. तसे पुस्तक निघाले तर आम्ही पेन्शनीतून विकत घेऊ.