अर्ध्या घड्याळाची गोष्ट

रुग्णालयातल्या एका तरुणीला डॉ. सुहेल नज्जार यांनी घड्याळ काढायला सांगितले. तिने वर्तुळ काढले आणि एक ते बारा हे सारे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावी बाजू कोरीच! मेंदूच्या उजव्या भागाला दाह झाला आहे, हे डॉक्टरांनी त्यावरून ताडले.

ही तरुणी म्हणजे न्यूयॉर्कची वार्ताहर सुझाना कॅहॅलन. वर्ष २००९, वय २४. आजाराची हकीकत तिने 'ब्रेन ऑन फायर' या पुस्तकात (२०१२) सांगितली आहे. आजारातला जवळजवळ महिनाभराचा काळ तिला आठवत नाही. म्हणून वडिलांची रोजनिशी, रुग्णालयातील चित्रफिती आणि कागदपत्रे यांवरून ती तो काळ पुन्हा जुळवते. आठवण आणि पुरावा यांतील फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पुस्तक उणे पडते ते कारणाच्या बाजूने. हा आजार डॉ. जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १२ स्त्रियांमध्ये वर्णिला. त्या साऱ्यांना टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींना अंडाशयात. या गाठीत केस, दात, कधी चेतापेशीही सापडतात. त्या पेशींवरील एनएमडीए ग्राहीविरुद्ध शरीर प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, बनवते आणि तीच मेंदूतील ग्राहींना जाऊन चिकटतात. सुझानाला गाठ सापडली नाही. अनेक रुग्णांना, विशेषतः मुलांना, ती नसते. त्यामुळे कर्करोगाशी असलेले नाते पुस्तकात मागे राहते. फुप्फुसाच्या एका कर्करोगात 'हू' प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. तेथे चेतापेशी मरतात, म्हणून सुधारणा कमी होते. एनएमडीएच्या आजारात ग्राही फक्त पेशीच्या आत ओढले जातात, म्हणून वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. दोन्हींत गाठीचा पत्ता लागण्याआधीच मेंदूची लक्षणे दिसू शकतात. हा धागा शिक्षकांनाच जोडून द्यावा लागेल.

वर्गात आपण प्रतिपिंडांना सरसकट 'सैनिक' म्हणतो. सैनिकाला शत्रू कळतो. प्रतिपिंडाला कळतो केवळ आकार. तो गाठीत आहे की मेंदूत, हे त्याला ठाऊक नसते.

सुझानाच्या आजाराचे खापर आधी ताणावर आणि मद्यावर फोडले गेले. आमच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बारावीची मुलगी असंबद्ध बोलू लागली, तर आपण परीक्षेचा ताण म्हणतो. कुणी अंगारा आणतो. पुष्कळदा ताणच असतो. पण थोड्याच दिवसांत वागणे पालटले, झोप उडाली, झटके आले, तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेण्यास पालकांना सांगावे. असा बदल पुष्कळदा प्रथम शिक्षकांच्याच नजरेस पडतो. तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक शाळेच्या कपाटात असावे.