शेराविना गझल : शुजाअत खाँ यांची सतार आणि इराणी कमांचे

दहावीच्या वर्गात गझल शिकवून झाली होती. मतला, मक्ता, काफिया, रदीफ सगळे फळ्यावर लिहून झाले होते. तास संपायला दहा मिनिटे होती म्हणून मी मुलींना एक ध्वनिमुद्रण ऐकवले. सतार, तबला आणि इराणी कमांचे. वाजवणाऱ्या मंडळाचे नावच ‘गझल’. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, इसमें शेर कहाँ है?” प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर सुचले नाही. हे लिहिणे म्हणजे उशिरा दिलेले उत्तर समजा.

उस्ताद शुजाअत हुसेन खाँ आणि इराणचे कुर्द वंशाचे कमांचेवादक केहान कल्होर यांनी हे मंडळ उभे केले. १९९७ साली ‘लॉस्ट साँग्ज ऑफ द सिल्क रोड’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका आली. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांपैकी ‘द रेन’ २००३ ची. ती २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात ध्वनिमुद्रित झाली, तबल्यावर संदीप दास. तिला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. पण नामांकनाने संगीत चांगले ठरत नाही, म्हणून ते तिथेच सोडू.

‘फ्यूजन’ म्हटले की आपल्याकडे रविशंकर आणि मेन्युहिन आठवतात. ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ १९६७ ची. मेन्युहिन थोर व्हायोलिनवादक, पण कागदावर लिहिलेले वाजवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. पाहुणा आदबीने आपल्या दिवाणखान्यात बसला आहे, असेच तिथे वाटत राहते. ‘गझल’मध्ये पाहुणा कोण हे कळत नाही. दोन्ही संगीते एकेरी स्वरावलीची, दोन्हींत आयत्या वेळी सुचलेल्याला मान, आणि दोन्ही विद्या उस्तादासमोर बसून कानाने घ्यायच्या.

शब्दही तेच सांगतात. आपण मराठीत सतार म्हणतो, उर्दूत सितार. मूळ फारसी सेतार, म्हणजे तीन तारा. कमांचे म्हणजे छोटी कमान, आणि कमान हा शब्द तर मराठीने कधीच आपलासा केला. सतारीचे पडदे म्हणजे फारसीतले परदेच. मिरजेच्या ज्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सतारीचे नाव इतक्या लांबून आलेले आहे. त्यामुळे ‘दोन अनोळखी संस्कृतींची भेट’ असे कुणी या संगीताचे वर्णन केले की मला हसू येते.

तरीही भेट सोपी नाही. मिलाफ म्हटला की कुणी किती वाकायचे हा हिशेब आलाच. उर्दू माध्यमात शिकवणारी आणि मराठीत लिहिणारी बाई म्हणून तो हिशेब मला रोज करावा लागतो. इराणी संगीतात कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसणारे स्वर आहेत. कमांचेला पडदे नाहीत, त्यामुळे तिच्यावर ते सहज निघतात. सतारीवर मात्र मींड ओढून तो स्वर काढला तरी खालच्या तरफा रागाच्या स्वरांत जुळवलेल्या असतात. त्या साथ देत नाहीत, झंकार उठत नाही. माझ्या कानाला तरी वाटते की बहुतेक वेळ हे दोघे अशाच स्वरांवर भेटतात जे दोघांनाही मानवतात. म्हणजे इराणी बाजूने आपला एक उच्चार थोडा बाजूला ठेवला. सतारीनेही काही सोडले : जोड-झाल्याची चढती इमारत, रागाची कडक शिस्त. या वजाबाकीबद्दल रसिक सहसा बोलत नाहीत, ते बोलायला हवे.

मग मिळाले काय? शुजाअत खाँ हे विलायत खाँ साहेबांचे चिरंजीव, इमदादखानी घराण्याचे. या घराण्यात विलायत खाँ साहेबांनी गायकी अंग असे रुजवले की एका पडद्यावरून तार ओढत गळ्यासारखे चार-पाच स्वर काढता यावेत. समोर गजाने वाजणारे, न तुटणारा सूर धरणारे वाद्य आले की ही मींड अधिकच बोलकी होते. कमांचे एक वाक्य लांबवते, सतार त्याचे शेवटचे अक्षर उचलते आणि आपल्या अर्थाने पुढे नेते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, दूर जातो आणि रदीफवर परत येतो. हे दोघे तसेच आळीपाळीने दूर जातात आणि त्याच ओळखीच्या तुकड्यावर परततात.

शुजाअत खाँ मध्येच गातातही. गळा मैफलीच्या गवयाचा नाही, किंचित बसका आहे, पण घरात कुणी काम करता करता गुणगुणावे तसा जवळचा. मला तो आवडतो; माझ्या एका सहकारी शिक्षकांना तो मुळीच आवडत नाही, त्यांच्या मते सतार थांबवून गाणे म्हणजे जेवताना उठून जाणे.

त्यांच्याशी माझे एका बाबतीत मात्र एकमत आहे. लय चढली, तबला पुढे आला आणि सवाल-जवाब सुरू झाला की कोण अधिक वेगवान याची चढाओढ होते. टाळ्यांसाठी ते ठीक असेल, पण तेवढा वेळ कमांचे कमांचे राहत नाही, नुसती दुसरी सतार होते.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी ‘द रेन’पासून सुरुवात करावी. तीनच तुकडे आहेत, प्रत्येक पाव तासाहून मोठा. रात्री, घर निजल्यावर ऐका. सुरुवातीला तबला बराच वेळ गप्प असेल, तेव्हा पुढचा तुकडा लावण्याची घाई करू नका.