सुरतेचे विद्यार्थी आणि तापीचे पाणी

मराठी वाचकास सुरत ठाऊक असते ती बहुधा १६६४ आणि १६७० या दोन सालांपुरती. तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहावयास गेलो तेव्हा आमचीही पुंजी याहून फारशी मोठी नव्हती.

दालनात शिरताच दृष्टी जाते ती पांढऱ्याशुभ्र प्रतिकृतींकडे. हाताची सफाई वाखाणण्याजोगी आहे. परंतु त्यांच्यापुढे थोडा वेळ उभे राहिल्यावर मनात येते, या चित्रांत तापी कोठे आहे? नकाशावर ती निळ्या पट्ट्याच्या रूपाने निमूट वाहते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने याच शहराचा बहुतेक भाग बुडाला होता. इमारतीच्या उभ्या छेदावर त्या पाण्याची रेषा एकाही विद्यार्थ्याने काढू नये, हे आम्हांस खटकले. ती काढली असती तर जिना कोठे असावा, वृद्धांनी रात्र कोठे काढावी, हे प्रश्न आपोआप उभे राहिले असते.

यात्रीनिवासाचा आराखडाही तसाच. त्यात मोठा प्रतीक्षाकक्ष आहे. ओली वस्त्रे वाळत घालण्यास जागा नाही. मंगेशीच्या वा शांतादुर्गेच्या अग्रशाळेत उतरलेल्या आमच्या वाचकांस या उणिवेचे मर्म सांगावयास नको. शहाजहानच्या काळी, १६४४ मध्ये, सुरतेत यात्रेकरूंसाठी सराई बांधली गेली. तिच्यातच पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले. उदाहरण दाराशी असता विद्यार्थी परदेशी मासिके का चाळतात, कोण जाणे!

आम्ही सर्वांत अधिक रेंगाळलो ते कोपऱ्यातील मोजणीचित्रांपाशी. जुन्या गल्लीतील लाकडी घर, त्याचा ओटा, कोरीव खांब, खांबाखालचा दगड, सारे हाताने मोजून उतरवलेले. येथे कल्पनेची मिजास नाही, म्हणूनच की काय, घर जिवंत वाटते. १८३७ च्या आगीत सुरतेची नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी पूरही आला. त्या घरांची अशी चित्रे कोणी काढून ठेवली असती तर! आजची घरे आगीविनाही जातात. भावांच्या वाटणीत जातात, वाढत्या भाड्यापायी जातात.

हे कागद पुढे कोठे ठेवता, असे आम्ही एका विद्यार्थ्यास विचारले. “घरी, माळ्यावर,” तो म्हणाला. तेथवर तापी सहसा पोचत नाही, वाळवी मात्र पोचते. प्रत्येक चित्राची एक प्रत, गल्लीचे नाव व साल घालून, ग्रंथालयात जमा झाल्यावाचून परीक्षेचे गुण देऊ नयेत.