नेवाशाचें उत्खनन आणि शके १२१२

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डेक्कन कॉलेजनें १९५४ ते १९५६ या काळांत केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६० सालीं प्रसिद्ध झाला. सांकळिया, देव, अन्सारी व एऱ्हार्ट हे त्याचे कर्ते. अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचा क्रम एका क्षेत्रीं थरवार दाखविणारा हा ग्रंथ महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासास पायाभूत झाला, हें प्रथम कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. पुढील आक्षेप त्याच्या मध्ययुगीन भागापुरताच आहे.

अहवालाप्रमाणें लाडमोड टेकडीवरील सातवाहनकालीन वस्ती इ. स. २०० च्या सुमारास संपली. तिजवर पुन्हा घरें उठलीं तीं मुसलमानी अमदानींत. मध्यें हजारांहून अधिक वर्षें रितीं राहतात. ज्ञानेश्वरीच्या उपसंहारांतील शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, नेमका या रित्या अवधींत पडतो. यावरून यादवकालीं नेवासें ओस होतें असें अनुमान कोणी काढील, तर तें टिकणार नाहीं. करवीरेश्वराच्या देवळाचा जो खांब आज ‘पैसाचा खांब’ म्हणून पूजिला जातो, त्यावर देवाच्या दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाचा संस्कृत लेख आहे. तो यादवकालीन किंवा त्याहून जुना मानितात. जेथें नित्य दिवा जळतो तेथें तेली, पुजारी व दाता हे असावयाचेच. मग तीं घरें कोठें होतीं?

एक टेकडी म्हणजे सारें गांव नव्हे, हें याचें पहिलें उत्तर. दुसरें उत्तर पद्धतीसंबंधीं आहे. अहवालाचें नांवच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारें आहे. दृष्टि खालच्या थरांवर असली म्हणजे वरचा थर वाटेंतला ठरतो. त्यांतच मागाहूनचे पाये, पेवें व खड्डे जुनी जमीन फोडीत खालीं उतरतात. शिवाय यादवकालीन खापरांची निश्चित ओळख नसेल, तर तीं वरच्या किंवा खालच्या कालखंडाच्या पदरीं पडण्याचा संभव राहतो.

‘ग्रंथांत शक आहे, मग खणावयाचें कशाला?’ हा उलट पक्षही तितकाच दुबळा होय. एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचें संशोधन केलें तें शके १५०६ मध्यें. आपल्या हातीं येणाऱ्या पोथ्या बहुधा त्यानंतरच्या. पोथींतील शकास पोथीबाहेरचा साक्षी मिळाला तर तो कोणास नको आहे? पोथीचीं पत्रें गळालीं म्हणून कर्त्यानें तेवढें लिहिलेंच नाहीं असें आपण म्हणत नाहीं. आणि गळालेला मजकूर मनानें रचूनही घालीत नाहीं. तोच न्याय मातीच्या थरांस लावावा.

म्हणून करवीरेश्वराच्या परिसरांत, खांबाच्या पायास धक्का न लावितां, व गांवांतील जुन्या पांढरींत परीक्षणार्थ लहान चर घ्यावेत. नवीं बांधकामें पाया खणतील त्याआधीं घ्यावेत. जागा निवडण्याच्या कामीं दप्तरसंग्राहकांचें साह्य मोठें होईल. नेवाशाच्या सनदा, महजर व वाटणीपत्रें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं त्यांतील चतुःसीमा, पेठा, वेशी व पडक्या जागांचे उल्लेख उतरून प्रसिद्ध करावे. चर कोठें घ्यावा हें त्या कागदांवरून ठरेल, आणि कागद कितपत खरे हें चरावरून.