'आमच्या' आयुष्यातला वेळ नेमका कुणाचा?



आजचं व्याख्यान एका पुस्तकावर आहे आणि एका प्रश्नावरही आहे. पुस्तक जुनं आहे. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालं. प्रश्न मात्र आजचा आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरातला आहे. नोकरी, संसार, देवधर्म, आणि या तिन्हींखेरीज मनापासून हाती घेतलेलं एखादं काम, या सगळ्यांना चोवीस तास पुरवायचे कसे?

या प्रश्नावर हल्ली सल्ल्यांचा बाजार भरलेला आहे. पहाटे पाचला उठा, दिवसाचे चौकोन पाडा, 'नाही' म्हणायला शिका. सल्ले वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण ते सगळे एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की तुमचा दिवस तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे आणि प्रश्न फक्त वाटपाचा आहे. रमाबाईंचं पुस्तक आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते इथे. ते या गृहीतावरच बोट ठेवतं, आणि गंमत म्हणजे तसा त्याचा उद्देश अजिबात नाही.

आधी न्यायमूर्तींचा दिवस पाहू. महादेव गोविंद रानडे १८७१ साली न्यायखात्यातल्या नोकरीत पुण्याला आले, १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, साठीही न गाठता, गेले. पोटापाण्याचं काम न्यायदानाचं. बाकीची यादी अशी: सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, वसंत व्याख्यानमाला, पुण्यातली मुलींची शाळा, १८८७ पासून सामाजिक परिषद, १८९० मध्ये औद्योगिक परिषद, अर्थशास्त्रावरचे निबंध आणि शेवटी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ. यातलं एकही काम पगारी नाही. आपल्याकडे याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

हे बसवलं कसं? त्याचं एक उत्तर दिनदर्शिकेत सापडतं. प्रार्थना समाजाची उपासना रविवारी होई. ती एकादशीला नाही, सोमवारीही नाही, कारण सरकारी कचेऱ्यांना सुट्टी रविवारची. सामाजिक परिषद भरे ती डिसेंबरअखेर, काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून, कारण नाताळात कोर्टं बंद. वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात, शाळा-कोर्टांच्या सुट्टीच्या सुमाराला. म्हणजे बघा, एकोणिसाव्या शतकातलं आपलं सगळं सार्वजनिक जीवन साहेबाच्या सुट्ट्यांच्या फटीत उगवलं. श्रद्धेलासुद्धा तिथी सोडून वार धरावा लागला. ही साधी सोय नव्हती. काळाची रचनाच बदलली होती.

आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर, आपल्या परंपरेनं हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला होता. चार आश्रम म्हणजे आयुष्याचे एकापुढे एक येणारे चार टप्पे. आधी शिका, मग संसार करा, मग हळूहळू बाजूला व्हा, शेवटी सोडा. अध्ययन, अर्थार्जन आणि अध्यात्म एकाच मंगळवारात कोंबायची गरज नव्हती. कचेरीच्या घड्याळानं हा क्रम मोडला. रानड्यांच्या पिढीला चारही आश्रम एका दिवसात जगावे लागले. पहाटे तुकोबांचे अभंग, दिवसा कोर्ट, संध्याकाळी सभा, रात्री वाचन आणि बायकोला शिकवणं. आपण आज जी ओढाताण अनुभवतो तिची ही सुरुवात. अर्थात आश्रमांची ती जुनी सोय पुरुषांचीच होती. बाईला अध्ययनाचा स्वतंत्र टप्पा नव्हताच. आणि बरोबर इथे रमाबाई पुस्तकात प्रवेश करतात.

१८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवरा एकतिशी ओलांडलेला विधुर. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असून वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यानं हे लग्न केलं. पण लग्नानंतर लगेच रात्रीच्या वेळी खोलीत धडे सुरू झाले, आधी मराठी, पुढे इंग्रजी. दिवस मात्र खाली, स्वयंपाकघरात, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरेखाली. तिथे या शिक्षणाबद्दल टोमणे, अबोला, मुद्दाम लावलेली कामं. एकाच घरात दोन शतकं नांदत होती, आणि जिना चढून-उतरून रोज दोन्हींत हजेरी लावायची होती एका मुलीला.

रानडे वेळ कसा वापरत हे पुस्तकात ठायी ठायी दिसतं. पण ते वाचताना आम्ही दुसरंही काही मोजत जातो. त्यांची दृष्टी अधू, म्हणून वाचून दाखवायला माणूस लागे. पुष्कळदा ते माणूस म्हणजे रमाबाई. पाहुण्यांची ये-जा, बदल्या, दौऱ्यांतले मुक्काम, पथ्यपाणी, झोपताना तळपायाला तूप चोळणं, हे सगळं न बोलता होत राहतं. लष्कराच्या भाकऱ्या, असं आपण आत्ता म्हटलं. या भाकऱ्या अक्षरशः कुणी भाजल्या, एवढं विचारलं की सगळं चित्र फिरतं. न्यायमूर्तींना जी सवड मिळाली ती आकाशातून पडली नव्हती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून कापून आलेली होती.

यावर कुणी म्हणेल, हा आजचा चष्मा झाला. त्या काळी सगळ्याच घरांत असं होतं. खरं आहे. पण रानडे सगळ्यांसारखे नव्हते, हीच तर त्यांची थोरवी. बायकोनं शिकावं हे त्यांनी ठरवलं, आणि त्या शिक्षणापायी घरात जो जाच झाला तो तिनं सोसावा असंही त्यांनीच सुचवलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते दुखावत नाहीत. त्यांच्या शांतपणाचं आपण कौतुक करतो, पण त्या शांतपणाचा हप्ता रमाबाई भरत होत्या. सुधारणा नवऱ्याची, आणि तिचा रोजचा खर्च बायकोच्या खात्यावर. पुस्तक हे आरोप म्हणून सांगत नाही. अभिमानानं सांगतं, आणि तपशील इतके प्रामाणिक असतात की अभिमानाच्या आडूनही हिशेब दिसतो. लेखिका म्हणून रमाबाईंची ताकद आम्हाला या प्रामाणिकपणात दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. रेव्हरंड टिळकही घरचा वेळ आणि घरचा पैसा जगाला वाटून टाकणारे. पण लक्ष्मीबाई हसतात, चिडतात, नवऱ्याला कागदावर उभं करून जाब विचारतात. रमाबाई जाब विचारत नाहीत. नवऱ्याचं नावही न घेता त्या 'स्वतः' म्हणतात. १९३८ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचं नावच मुळी 'हिमसेल्फ', आणि पुढे कुसुमावती देशपांडे यांनी केलेल्या भाषांतराच्या शीर्षकातही पुढे रानडे आणि मागे पत्नीच्या आठवणी. 'आमच्या' हा शब्द दोन्ही वेळा गळाला. आमच्या मते पुस्तकातला सगळ्यात धीट शब्द तोच होता. रमाबाईंनी 'त्यांच्या आयुष्यातील' असं लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी 'आमच्या' लिहिलं. त्या आयुष्यातला वेळ दोघांचा होता, म्हणून त्यातून उभं राहिलेलं कामही दोघांचं, असा हा हक्क आहे. नम्रपणे मांडलेला असला तरी हक्कच आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतं. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, ते रमाबाईंचं काम. वर्षभरानं पुस्तक आलं, पण त्या कामाला त्यात जागा नाही. स्वतःचा वेळ स्वतःच्या हाती आल्यावर त्यांनी तो कसा लावला, कुठे अडल्या, कुणाला काय 'नाही' म्हणाल्या, हे त्यांनी लिहिलं असतं तर मराठीला एक वेगळंच पुस्तक मिळालं असतं. आठवणी सांगण्याजोगं आयुष्य जोडीचंच असतं, हा त्या काळाचा समज त्यांनाही ओलांडता आला नाही.

काहीजण म्हणतात, शेवटी सोसलं त्याचं चीज झालं की, सेवासदन त्यातूनच उभं राहिलं. हा युक्तिवाद आम्ही मान्य करत नाही. एखाद्या माणसानं सोसून काही मिळवलं म्हणून ते सोसायला लावणं योग्य ठरत नाही. रमाबाईंनी सोन्याचं काम केलं हे त्यांचं श्रेय आहे, जाचाचं नाही. रात्रीच्या त्या धड्यांचं श्रेय मात्र रानड्यांना द्यायलाच हवं. दमून आलेल्या माणसानं आपल्या विश्रांतीतला वेळ बायकोच्या शिक्षणाला दिला. पुस्तकात वेळ एरवी बहुतेक एकाच दिशेनं वाहताना दिसतो. इथे तो उलट दिशेनं वाहतो, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तेव्हा तुम्ही वेळापत्रक जरूर आखा. शनिवारी सकाळी संस्थेचं काम, रविवारी पारायण, रात्री स्वतःचं लेखन, जे काही असेल ते. पण प्रत्येक चौकोनासमोर एक नावही लिहा. या तासात मुलांकडे कोण बघतं? आईला दवाखान्यात कोण नेतं? डबा कोण भरतं? आणि ज्याचं नाव लिहाल, त्याच्या किंवा तिच्या वेळापत्रकात तुमचं नाव कुठल्या तासासमोर आहे, तेही तपासा. तिथे काहीच नसेल, तर तुमचं व्यवस्थापन चोख असेल, पण तो वेळ उसना आहे.

पुस्तक मिळवून वाचा एवढी विनंती. पुढच्या वेळी 'स्मृतिचित्रे' सविस्तर घेऊ. आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न बाईंकडून आला तर बरं.