मोबाइल ॲपवरील श्रवणशिक्षण आणि हिंदुस्थानी स्वरविचार : एक चिकित्सा

महाविद्यालयीन संगीतशिक्षणात मोबाइल ॲपचा वापर आता नवलाईचा राहिलेला नाही. विद्यार्थी वर्गात येतो तो तानपुऱ्याचे ॲप खिशात घेऊनच. अलीकडे त्याच्या जोडीला स्वर ओळखण्याचा सराव देणारी, 'कान तयार करणारी' ॲपही आली आहेत. या ॲपमध्ये मिळालेले गुण अंतर्गत मूल्यमापनात धरावेत, अशी सूचनाही अधूनमधून ऐकू येते. अशा वेळी ही साधने नेमका कोणता कान घडवितात, हे तपासणे अगत्याचे ठरते. ती उपयुक्त आहेत काय, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे; उपयुक्त ती आहेतच.

'इअरमास्टर' किंवा 'परफेक्ट इअर' यांसारख्या ॲपमधील अभ्यासांचे मूळ पाश्चात्त्य संगीतविद्यालयांतील श्रवणाभ्यासात आहे. दोन स्वर वाजतात, त्यांतील अंतर ओळखायचे. स्वरसंघात वाजतो, त्याचा प्रकार सांगायचा. ऐकलेली सुरावट लिहून काढायची. येथे स्वरांतर हे स्वतंत्र एकक मानलेले आहे. हिंदुस्थानी पद्धतीत मात्र प्रत्येक स्वराची ओळख अचल षड्जाशी असलेल्या नात्यातून होते. सा–म, रे–प आणि ग–ध या तिन्ही जोड्यांचे उत्तर ॲपच्या लेखी एकच, म्हणजे चार स्वरांचे अंतर. गाणाऱ्याच्या लेखी ते तीन निरनिराळे अनुभव आहेत. या बाबतीत 'फंक्शनल इअर ट्रेनर' हे ॲप अपवादात्मक म्हणावे लागेल. ॲलन बेनबासात यांच्या पद्धतीवर आधारलेल्या या ॲपमध्ये प्रथम स्वरसंघातांची एक छोटी मालिका वाजवून आधारस्वर मनात ठसविला जातो आणि मग एकच स्वर विचारला जातो. ही रीत आपल्या रीतीला पुष्कळच जवळची आहे. फरक इतकाच की तेथे आधारस्वर वाजून थांबतो, तर तानपुऱ्याचा षड्ज थांबत नाही. आणि हा फरक लहान नाही.

तो लहान का नाही, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. बहुतेक ॲपमधील स्वर समविभागी सप्तकातील, म्हणजे १२०० सेंटच्या सप्तकाचे १२ समान भाग पाडून मिळालेले असतात. त्यात शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो, तर ५:४ या प्रमाणातला गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर हा गंधार ३०० हर्ट्झ होतो. समविभागी गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झ. षड्जाच्या तारेतून उमटणारा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झचा असतो. ३०० हर्ट्झच्या गंधाराचा चौथा उपस्वर त्याच्याशी तंतोतंत मिळतो, तर समविभागी गंधाराचा चौथा उपस्वर त्याच्याशी सेकंदाला सुमारे साडेनऊ वेळा झगडतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. पंचमाच्या बाबतीत अंतर अवघे दोन सेंट असल्याने हा दोष लपून राहतो. सुट्या स्वरावर 'बरोबर' ही पावती मिळविणारा विद्यार्थी प्रत्यक्ष तानपुऱ्यासमोर गंधार किंचित चढा लावतो, याचे एक कारण येथे असू शकते.

हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींचे मापन केले व १९१० साली आपला ग्रंथ सिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतिहार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोदा परिषदेत त्यावर चर्चा झडली. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. मात्र या इतिहासातून '२२ श्रुतींचे ॲप हवे' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार प्रत्यक्ष वादनात एकच स्वर एकाच रागात निरनिराळ्या उंचीवर लागतो. म्हणजे चौकट बारा घरांची असो वा बावीस, तीत बिंदूच मोजले जातात. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार हा बिंदू नव्हेच.

गळ्यातील स्वर रेषेच्या रूपाने दाखविणारी 'रियाझ'सारखी ॲप या अडचणीतून काही अंशी वाट काढतात, कारण तेथे तुलना शिकविणाऱ्याच्या आवाजाच्या रेषेशी होते. तथापि एक निराळाच प्रश्न उपस्थित होतो. विद्यार्थी रेषेकडे पाहून स्वर सावरतो. ही दुरुस्ती डोळ्याने केलेली असते. पडदा झाकला की ती टिकत नाही, असा वर्गातील अनुभव आहे. शिवाय आवाजाचे मापन बिनचूक व्हावे म्हणून कानात हेडफोन घालावा लागतो, आणि त्यामुळे स्वतःचाच आवाज दबतो. श्रवणशिक्षणाच्या दृष्टीने हा सौदा महागच म्हटला पाहिजे.

यापेक्षाही महत्त्वाची हानी तानपुऱ्याच्या ॲपमुळे होते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक तानपुरा जुळविणे हाच आपल्या परंपरेतील श्रवणाचा पहिला पाठ होता. खुंटी पिळून पंचम जवळपास आणायचा, मण्याने तो नेमका बसवायचा, जोडीच्या तारा एकमेकींत विरेपर्यंत ऐकत राहायचे, जिवा तसूभर सरकवून जवारी उघडायची. यात कोणी गुण देत नसे. तार मिळाली की नाही ते तारच सांगे. ॲपमध्ये हे सर्व आयते जुळलेले असते. विद्यार्थ्याला सुरेल तानपुरा मिळतो, पण बेसूर तानपुरा सुरात आणण्याचा प्रसंग मिळत नाही. त्यातच मोबाइलच्या ध्वनिवर्धकातून खर्जाचा मूळ स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. कान तो वरच्या उपस्वरांवरून कल्पनेने भरून काढतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच्या खुंटीला हात लावण्यास कचरणारे पदवीधर आपण घडवीत आहोत, हेही नोंदविले पाहिजे.

असे असले तरी ॲपचे श्रेय नाकारता येत नाही. गावी गुरू नाही, वसतिगृहाच्या खोलीत वाद्य ठेवण्यास जागा नाही, अशा विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजताही षड्ज उपलब्ध होतो. शंभरदा चुकले तरी ॲप कंटाळत नाही, आणि चारचौघांत चुकण्याचा संकोचही उरत नाही. पहिल्या सत्रात शुद्ध-विकृत स्वरांची ढोबळ ओळख होण्यास ते पुरेसे आहे. आक्षेप आहे तो त्यातील गुणांना परीक्षेतील गुणांचे स्थान देण्यास. श्रवणाची परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर उतरविलेल्या तारांचा तानपुरा समोर ठेवून तो जुळविण्यास सांगणे हे अधिक न्याय्य ठरेल. यात अडचण आहे ती वेळेची. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकास दहा मिनिटे दिली, तर ४०० मिनिटे, म्हणजे ४८ मिनिटांच्या आठ तासिकांहून अधिक वेळ लागतो. आणि ज्या विभागात चालू स्थितीतील तानपुरा एकच आहे, तेथे दोन विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच वेळी घेता येत नाही. अभ्यासमंडळाने श्रेयांक ठरविताना या तासिका कार्यभारात धरलेल्या नाहीत.